बांगडी की पट्टी

बांगडी आणि पट्टी यांतला फरक ज्या माणसाला कळत नव्हता, त्याच्या ओसरीवर मी पांढुर्ण्यातले माझे सगळे रविवार काढले. इलाज नव्हता. टीव्ही त्याचा होता, आणि ज्याचा टीव्ही त्याचं खरं, असे ते दिवस होते. आज त्या गोष्टीला बराच काळ झाला. राग जायला हवा होता म्हणतात. जात नाही. मी तो घालवायचा प्रयत्नही केलेला नाही.

आमचं घर सौंसरजवळच्या गावात. बाबांची कपाशी होती आणि संत्र्याचा बगीचा. मी बी.एस्सी. करायचं ठरलं तेव्हा मला पांढुर्ण्याला मावशीकडे ठेवलं. मावशीचं घर आणि तिच्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं घर, एकाच अंगणात समोरासमोर होतं. या भासऱ्यांना मी मोठे मावसाजी म्हणत असे. ते सरकारी कचेरीत बाबू होते. शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तयार मत. अंगणात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. माझे बाबा सुद्धा त्यांच्यासमोर खुर्चीच्या काठावर बसायचे, कारण मुलगी त्यांच्या घरच्यांच्या आधाराने राहते, हे ओझं बाबांच्या पाठीवर होतं.

रविवारी सकाळी एक विज्ञानाची मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट. कधी माणसासारखं बोलणारं यंत्र, कधी दुसऱ्या ग्रहावरून आलेला पाहुणा. हिंदी मालिका, साधे पत्र्याचे सेट, दिवे लुकलुकवले की झालं अंतराळयान. पण मला वेड होतं तिचं. वर्गात जे सूत्र फळ्यावर मेल्यासारखं पडलेलं असायचं, ते तिथे उठून चालायला लागायचं. मोठे मावसाजी मात्र पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकत, "हे सारं आपल्या पोथीत पयलेच लिहून हाय." मग उरलेला वेळ ते गोष्ट समजावून सांगत, म्हणजे गोष्ट ऐकू येत नसे.

ज्या भागावरून सगळं झालं, तो असा होता. एक म्हातारा शास्त्रज्ञ पावसात भिजत घरी येतो. मुलगी दार उघडते. त्याने घरातच एक कपाट बांधलं आहे, काळातून मागेपुढे जाणारं. मुलीचा विश्वास नाही. ती रागाने एक तार ओढायला जाते आणि तिचा उजवा हात भाजतो. घरातला नोकर तिच्या बोटांना पांढरं फडकं बांधतो. मग म्हातारा कपाटात शिरतो, दिवे लागतात, विझतात, आणि कपाट रिकामं. मुलगी ओरडते. तेव्हा रिकाम्या कपाटातून बापाचा तुटक आवाज येतो, "कल... इसी दरवाज़े से..." आणि आवाज बंद. शेवटी मुलगी घराच्या दारासमोर बसलेली. कडी वाजते. तिचा हात कडीकडे जातो, दार उघडतं, बाहेरचा उजेड आत येतो. संपलं.

त्या रविवारी बाबा सौंसरहून आले होते, पिशवीभर संत्री घेऊन. त्यांना मोठ्या मावसाजींनी शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही बायका आणि पोरी खाली सतरंजीवर.

"मेला," मोठे मावसाजी म्हणाले. "कल म्हणते ना तो? काल! काल तो याच दारानं आला होता. सुरुवातीले पाहलं नाही का, पाण्यात भिजून? तेच पोट्टीले आठवून राहिलं. खेल खतम."

मावशीने डोळ्याला पदर लावला. सगळ्यांना पटलं होतं.

आता ही चूक आमच्याकडेच होऊ शकते. आम्ही सीमेवरची, घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी माणसं. हिंदीतला 'कल' गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. पुढे क्रियापद आलं की कळतं कुठला. पण आमच्या कानाला 'कल' पडला की तो आपोआप मराठी 'काल' होऊन बसतो. नागपूरच्या पलीकडच्यांना ही अडचण नाही आणि इटारसीच्या पलीकडच्यांनाही नाही. मधल्या आम्हालाच आहे. त्या म्हाताऱ्याच्या वाक्याला क्रियापदच नव्हतं. पांढुर्ण्यातल्या त्या ओसरीवर त्याचा जीव एका काना-मात्रेवर टांगला होता, आणि मोठ्या मावसाजींनी तो घेऊन टाकला.

माझ्याने राहवलं नाही. "मावसाजी, काल नाही, उद्या. शेवटी दार उघडते तवा तिच्या हाताले पट्टी हाय. पट्टी तं हात भाजल्यावर बांधली ना? म्हणजे हे दार नंतर उघडलं. तो उद्या वापस येऊन राहिला."

"कोन्ती पट्टी?"

"पांढरी. कडी काढते तवा."

"बांगडी हाय ते."

"बांगडी नाही, पट्टी—"

"इले बांगडी समजत नाही, कल समजत नाही," ते सगळ्या ओसरीकडे वळून म्हणाले, "अन् हे बीएस्सी करून राहिली!"

हशा झाला. मावशी हसली, मावशीची सासू दात नसलेल्या तोंडाने हसली. आणि बाबाही हसले. माझ्याकडे न बघता, खुर्चीच्या काठावर बसून, हातातल्या संत्र्याची शीर काढत हसले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण हसू आलेलं पाहून मोठ्या मावसाजींना चेव आला. दुपारी जेवताना त्यांनी बाबांजवळ विषय काढला. पोरीचं डोकं टीव्हीत आहे, अभ्यासात नाही. रामाकोन्याला त्यांच्या ओळखीचं स्थळ आहे, शेती आहे, मुलगा मेहनती आहे. "पयलं वर्ष झालं का करून टाका लगन. कायले उगाच ताणता?" मी वाढत होते. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी वरणात भात कालवला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तं पाहू."

पाहू. एका बांगडीवरून माझं कॉलेज सुटणार होतं. मी हातातली वाटी खाली ठेवली नाही, आपटली. कुणी लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून मी तो भाग मनात परत परत लावला. चूल पेटवताना, प्रयोगशाळेत परीक्षानळी धरताना, रात्री डोळे मिटले की. पाऊस, दार, तार, भाजलेला हात, फडकं, कपाट, कडी. जितकं आठवत गेले तितकं पक्कं होत गेलं. पण माझ्या आठवणीला त्या अंगणात किंमत नव्हती. मोठ्या मावसाजींना हरवायचं तर त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच टीव्हीवर, सगळ्यांसमोर हरवायला हवं होतं. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. त्यांना वर्षातून एक दिवस पुरतो. मी माझा दगड रोज ओच्यात घेऊन फिरत होते.

ओसरीवर ते मला मुद्दाम डिवचत. मी चहा नेला की विचारत, "काय वो शास्त्रज्ञबाई, चहा आजचा हाय का कालचा?" मी कप ठेवून परत येई. दात ओठ खाणं म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात समजलं. खरोखर ओठाला जखम झाली होती.

वर्गातल्या मैत्रिणीबरोबर एका शनिवारी जामसांवलीला गेले. तिथला मारुती आडवा पडलेला आहे. लोक त्याच्याकडे आजार बरे व्हावेत म्हणून जातात. मी हात जोडून म्हटलं, देवा, उठू नकोस, पडल्या पडल्याच ऐक. माझं भलं नाही केलंस तरी चालेल, पण त्या माणसाचं तोंड चारचौघांत पाड. मैत्रिणीने विचारलं, काय मागितलंस? मी सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली आणि मग अचानक थांबली. तिच्या भावाचं व्हिडिओचं दुकान होतं. लग्नात, बारशात व्हीसीआर आणि कॅसेट भाड्याने द्यायचा तो. "अवं, दादा तं रविवारच्या मालिका भरून ठेवते," ती म्हणाली. "जिथं टीव्ही दिसत नाही तिथल्या गावाईत दाखवाले."

मारुतीने एवढ्या लवकर ऐकलेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

तो भाग होता. कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी भरलेला. सप्तपदी संपून पंगत बसते, कुणीतरी जिलबी वाढतं, आणि जिलबीवरून एकदम पाऊस आणि भिजलेला म्हातारा. मैत्रिणीच्या घरी मी तो परत पाहिला. काळापांढरा, मुंग्या मुंग्या झालेला, मध्ये मध्ये चित्र वर सरकणारा. आणि शेवटी तो हात. पट्टी होती. मी ती बघून हसले नाही, रडलेही नाही. पुन्हा मागे घेऊन पाहिली, पुन्हा, पुन्हा, जोवर मैत्रिणीच्या आईने जेवायला हाक मारली नाही तोवर.

परीक्षेच्या थोडं आधी मोठ्या मावसाजींच्या नातवाचं बारसं आलं. दुपारी पाळणा, जेवण आणि मग पाहुण्यांसाठी व्हीसीआरवर सिनेमा. बाबा येणार होते. रामाकोन्याची माणसंही येणार होती, मुलाचा काका आणि काकू. बारशाच्या निमित्ताने मुलगीही पाहून होईल, हा मोठ्या मावसाजींचाच बेत. व्हीसीआर मैत्रिणीच्या भावाकडूनच ठरला. कॅसेटच्या गठ्ठ्यात लग्नाची ती कॅसेट मी स्वतः घातली.

पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, पहिला सिनेमा संपला. सगळे सुस्तावले होते. मी उठले आणि कॅसेट लावली.

"कोनाचं लगन हे?" मोठी मावशी, म्हणजे मोठ्या मावसाजींची बायको, मांडीवर नातू घेऊन विचारायला लागली.

"लगन नाही मावशी. मावसाजीईची आवडती मालिका हाय."

जिलबी गेली, पाऊस आला. मोठ्या मावसाजींनी ओळखलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्या या पोट्टीची गंमत सांगतो तुमाले..." आणि त्यांनी सगळं सांगितलं, कल, काल, बांगडी, सगळं. मला काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने खड्डा खणून दिला.

शेवट आला. हात कडीकडे गेला. मी चित्र थांबवलं.

आणि व्हीसीआरने माझा घात केला. थांबवलेल्या चित्रावर एक पांढरी आडवी रेघ थरथरत आली आणि बरोबर त्या हातावर येऊन बसली. हात दिसेना.

"हे तुही पट्टी?" मोठे मावसाजी टाळी देऊन म्हणाले. "हे तं मशीनीची हाय!"

ओसरी हसली. रामाकोन्याचा काका हसला. मी मुकाट्याने कॅसेट मागे घेतली. तार, भाजलेला हात, नोकर फडकं बांधताना. "कोन्ता हात, पाहून ठेवा," मी म्हटलं. मग पुढे नेली. या वेळी थांबवलं नाही, चालू दिलं. कडी वाजली. हात गेला. आणि मी सगळ्या बायकांकडे वळून विचारलं, "आता तुमीच सांगा, हे बांगडी हाय का?"

मालकाच्या घरी मालकाविरुद्ध कोण बोलणार? तेवढ्यात मोठ्या मावशीने नातवाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि अगदी सहज, जसं काही भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं, नवऱ्याला म्हणाली, "अवो, बांगडी बोटात घालत असते का?"

आणि ओसरी फुटली. मावशीची सासू हसता हसता भिंतीला टेकली. रामाकोन्याची काकू पदर तोंडात कोंबून हसत होती. शेजारचा एक जण म्हणाला, "साहेब, आमच्या घरवालीले बी बोटात घालाच्या दोन डझन पाह्यजेत!" मोठ्या मावसाजींनी खिशातली पेनं उगाच काढून परत लावली. त्यांचे कान लाल झाले होते. मी त्या कानांकडे मन भरेपर्यंत बघितलं. आजही डोळे मिटले की मला ते कान दिसतात, आणि दिवस चांगला जातो.

"म्हणजे कल म्हणजे उद्या," मी म्हटलं. "तो मेला नाही."

"बरं बाई, नाही मेला," ते खेकसले. मग रामाकोन्याच्या काकाकडे वळून म्हणाले, "पाहलं? अशी जुबान हाय."

हा त्यांचा शेवटचा वार होता, आणि तो त्यांच्यावरच उलटला. चहा पिऊन निघताना रामाकोन्याचा काका बाबांना अदबीने म्हणाला, "पोरगी हुशार हाय. पण आमच्या घरी टीव्ही नाही." यापेक्षा सभ्य नकार मी ऐकलेला नाही. पुढे कित्येक महिने मोठे मावसाजी बाजारातून गेले की बांगड्यांच्या दुकानातला कुणीतरी हाक मारी, "या साहेब, बोटाचं माप देऊन जा!" मी दोन चौकांपलीकडून ते ऐकून ठेवत असे.

माझा सूड इथे पुरा झाला, असं मला वाटलं. संध्याकाळी बाबांना सौंसरच्या बसपर्यंत सोडायला गेले. बाबा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, स्थळ गेलं म्हणून रागावले असतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. बस लागली, लोक चढायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "मले पयल्याच दिवशी दिसली होती."

"काय?"

"पट्टी. त्या रविवारी. मी खुर्चीवर होतो ना, मले साफ दिसलं."

"मंग बोलले काऊन नाही तुमी?"

"त्याईच्या घरी बसलो होतो आपण." रिकामी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "सांगतो मी त्याईले. पोरगी शिकन म्हणून."

"कवा?"

"उद्या-परवा येतो तं सांगतो."

"उद्या नाही बाबा," मी म्हटलं. "काल सांगाचं होतं."

बाबा बसमध्ये चढले. मी हात हलवला नाही. परत चालत येताना माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर दगड चुकीच्या काठावर मारत होते. मोठ्या मावसाजींना निदान खरोखरच बांगडी दिसली होती. बाबांना पट्टी दिसली होती, आणि ते हसले होते.

कॉलेज सुटलं नाही. स्थळ गेल्यावर पुन्हा कुणी विषय काढला नाही, एवढंच. पण गावात बाबा सांगू लागले, मीच ठरवलं होतं पोरीला शिकवायचं. सुट्टीत घरी गेले की पारावर, बगीच्यात, नातेवाइकांत हे वाक्य निघायचं. आणि ते निघालं की मी फक्त विचारायची, "बाबा, बांगडी होती का पट्टी?" ऐकणाऱ्यांना वाटे बापलेकीची काही थट्टा असेल. बाबा लगेच उठून बैलाला पाणी दाखवायला जात. आई मला रागवायची, किती दिवस छळशील? मी म्हणायची, जितके दिवस ते सांगतील तितके. मला दया आली नाही. येते म्हणतात, मला आली नाही.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. मी पहिल्या वर्गात आले. बाबांनी सौंसरहून पेढे आणले, गाव बोलावलं. पांढुर्ण्याहून मावशीचं घर आलं, मोठे मावसाजीही आले. त्यांना बाबांनी अंगणातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. एक म्हातारा शेजारी बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पोरीले शिकवलं बाप्पा तुनं!"

"मंग," बाबा म्हणाले. "मीच म्हटलं होतं..." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. मी विचारलं नाही. नुसती बघत उभी राहिले.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग मोठ्या मावसाजींकडे तोंड करून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पट्टी होती. मले पयल्याच दिवशी दिसली होती. मी बोललो नाही."

लोकांना काही कळलं नाही. कुणी विचारलं, कायची पट्टी? कुणी म्हणालं, राहू दे, आनंदात बोलून राहिले. मोठे मावसाजी बाबांनी आल्याबरोबर हातात दिलेला पेढा अर्धा खाऊन तसाच धरून बसले होते. त्यांना कळलं होतं.

मी ताट घेऊन पुढे झाले आणि ताटातला पहिला पेढा बाबांना दिला. मोठ्या मावसाजींना तो उष्टा अर्धाच पुरे, असं ठरवून पुढच्या माणसाकडे वळले.